टाकीत सगळं छान आहे

३ फेब्रुवारी
सासऱ्यांचा पाय मोडला. बाथरूममध्ये घसरले. ऑपरेशन झालं, आता बरे होईपर्यंत मुक्काम आमच्याकडे. आतली खोली त्यांना दिली. त्यांची माशांची टाकी हॉलमध्ये, कारण आत मावेना. टाकीत बारीकसारीक मासे आणि एक मोठा केशरी गोल्डफिश. त्याचं नाव साहेब. बाबा म्हणतात, जन्मभर साहेबांपुढे हात बांधून उभा राहिलो, आता साहेबाला मी जेवू घालतो. सासूबाई गेल्यापासून ते मनातलं जे काही बोलतात ते ह्या साहेबाशीच, असं बायको सांगते.
टाकीची जबाबदारी मी मागून घेतली. बाबांचं माझ्याबद्दल लग्नापासून एक मत आहे. ते बदलायची वेळ आली.

४ फेब्रुवारी
बाबांच्या सूचना, पलंगावरून. दाणे दिवसातून एकदाच आणि चिमूटभर. म्हातारपणी माणसाचा हात आखडतो. मी टाकीपाशी गेलो की साहेब काचेशी येऊन तोंड उघडतो. एका दिवसात लळा लागला त्याला माझा. तीनदा दाणे टाकले.

७ फेब्रुवारी
टाकी ओकीबोकी दिसते म्हणून हिरवी झाडं आणली. दुकानदार म्हणाला, नीट धुऊन काही दिवस वेगळ्या बादलीत ठेवा, मगच टाकीत लावा. बादली खपवायची होती त्याला! मी काय कालचा आहे? घरी आल्या आल्या झाडं टाकीत. फारच देखणं दिसतंय. बाबांना आत जाऊन सांगितलं की टाकी ओळखूच येणार नाही तुम्हाला. ते जरा गप्प झाले. आनंदानं असेल.

१५ फेब्रुवारी
काचेवर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी चालतंय. मला वाटलं साहेबाला पोर झालं. बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, ही गोगलगाय आहे, बाबांना सांगते. खबरदार, म्हटलं. एवढीशी गोगलगाय, ती काय वाकडं करणार आहे?

१८ फेब्रुवारी
एवढीशी नाही. काच, झाडं, फिल्टरचा पाइप, जिकडे बघावं तिकडे त्याच. दुकानात जाऊन दुकानदाराला भरपूर झापलं. त्यानं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं, मग हळूच विचारलं की झाडं बादलीत ठेवली होती ना? गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते अशांनाच. निघताना त्यानं मला गोगलगायी खाणारा एक मासा विकला.
बाबांनी आतून विचारलं, साहेब कसा आहे? म्हटलं, टाकीत सगळं छान आहे.

२० फेब्रुवारी
इंटरनेटवरचा उपाय. रात्री काकडीची चकती टाकीत सोडायची, सकाळी तिच्यावर जमलेल्या गोगलगायींसकट उचलायची. सोडली. सकाळी उठायला जरा उशीर झाला. काकडी फस्त, पाहुणे आपापल्या घरी. काकडीच लहान होती.

२२ फेब्रुवारी
बाबांना आडून विचारलं. ऑफिसातल्या एका मित्राच्या टाकीत गोगलगायी झाल्यात, काय करावं? बाबा म्हणाले, मित्र दाणे फार टाकत असणार, उरलेल्यावर त्या पोसल्या जातात. दाणे कमी करा म्हणावं. आणि काही झालं तरी औषध नको.
मित्राची कीव आली. माझी केस वेगळी आहे. मी प्रेमानं टाकतो.
रात्री जेवताना बायकोनं विचारलं, तुमच्या मित्राला आणखी काही वाढू का? आतून बाबांचा आवाज आला. खोकला असावा.

२५ फेब्रुवारी
नवा मासा पाइपामागे दडून बसतो. एकाही गोगलगायीला तोंड लावलेलं नाही. नवीन जागा, बुजला असेल. त्याच्यासाठी वेगळे दाणे टाकतो. पोट भरलं की लागेल कामाला.

२७ फेब्रुवारी
व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, आजोबा आता वॉकर घेऊन हॉलपर्यंत चालू शकतील. हॉलपर्यंत! मी म्हटलं, कशाला घाई, हाडाचं काम आहे, अजून पडून राहू द्या त्यांना आठवडाभर. बाई हो म्हणाल्या. बायको नुसती माझ्याकडे बघत राहिली. लाज वाटली. पण आठवडा मिळाला.

२८ फेब्रुवारी
औषध आणलं. बाटलीवर लिहिलंय, अर्धं झाकण. अर्धं झाकण भित्र्या लोकांसाठी. चार ओतली.

१ मार्च, सकाळी
विजय! गोगलगायींचा तळाशी नुसता सडा. एकही हलत नाही.

१ मार्च, संध्याकाळी
पाणी दुधासारखं झालंय. वास येतोय. रूम स्प्रे मारला. साहेब सारखा वर येऊन तोंड उघडतोय. भुकेला असेल. दाणे टाकले.

२ मार्च
सकाळी साहेब एका कुशीवर तरंगत होता. कल्ला मधूनच हलायचा. मी नुसताच उभा. तेवढ्यात मागे वॉकरची टकटक ऐकू आली. बाबा कोणाला न विचारता, भिंतीला खांदा लावत लावत हॉलपर्यंत आले होते. म्हणाले, वास आत आला.
ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. स्टुलावर बसले, बाही वर सारली आणि पाण्यात हात घालून साहेबाला तळव्यावर धरलं. मला म्हणाले, बादल्या आणा, निम्मं पाणी बदला. मी धावत होतो, पाणी सांडत होतो, बायको मागून पुसत होती. नव्या पाण्यात बाकीचे मासे हलायला लागले. साहेब दुपारी गेला, त्यांच्या हातातच.
मग बाबा म्हणाले, अहो, मी आतच तर होतो. दिवसभर छताकडे बघत पडलेला असतो, दुसरं काम काय मला? एक हाक मारायची होती. मित्राचं निमित्त काढलंत तेव्हा मला वाटलं, आता खरं विचाराल.
मी रिकाम्या बादल्या उचलून बाथरूममध्ये ठेवल्या आणि तिथंच थोडा वेळ थांबलो.

३ मार्च, सकाळी
काचेवर दोन गोगलगायी. जिवंत. आरामात वर चालल्यात.
औषधाची बाटली हातात घेतली, परत ठेवली. बाबांना हाक मारली. आतून म्हणाले, आलो, वेळ लागेल, घाई करू नका. वॉकरची टकटक सुरू झाली. ते दारातून दिसेपर्यंत कुठं बघावं ते मला कळेना.