फोटो सेव्ह होत नाही

बाबा, तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी हिंजवडीला नोकरीला लागलो, त्यामुळे मी काय करतो हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. इंटरनेटवर लोक आपले फोटो, लेख ठेवतात, ते कुणी परस्पर उतरवून घेऊ नयेत म्हणून मी कुलपं बनवतो. तुम्हाला हे चटकन समजलं असतं. सदाशिव पेठेतल्या आपल्या स्टुडिओत तुम्ही तेच करायचात. लग्नाच्या फोटोंचे नमुने लोक "सासूबाईंना दाखवून आणतो" म्हणून न्यायचे आणि तेच अल्बमात चिकटवायचे. मोठ्या प्रती काढायला कुणी फिरकायचं नाही. म्हणून प्रत्येक फोटोवर 'नमुना' असा जांभळा शिक्का. सुट्टीत ते काम माझ्याकडे असायचं. एकदा मी उत्साहाच्या भरात नवरीच्या नाकावरच शिक्का उमटवतो. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून आधी फोटो बघता, मग मला.

"शिक्का शालूवर मारायचा. फोटो आपला असला तरी चेहरा तिचा आहे."

एवढंच बोलून तुम्ही दुसरी प्रत काढायला डार्करूममध्ये जाता.

तुमचे जुने फोटो मी आता एका साइटवर ठेवलेत, अर्थात माझं कुलूप लावून. गेल्या महिन्यात मांजरी गावातल्या एका बाईंचा मेल आला. "तुमच्या साइटवर माझ्या आईचा लग्नातला फोटो आहे, पण सेव्ह होत नाही, आमच्याकडे तिचा एकही फोटो नाही," असं त्यांनी लिहिलं होतं. मी सवयीने त्यांच्याकडे पुरावा मागायला बसलो. 'आपण त्यांच्या कन्या असल्याचा' इतकं टाइप केलं आणि माझी मलाच लाज वाटली. मोठी, स्वच्छ प्रत पाठवून दिली. "माझ्या धाकटीचे डोळे हुबेहूब तिच्या या आजीसारखे आहेत," असं त्यांचं उत्तर आलं. तुम्ही हे ऐकून नुसतं "बरं" म्हणाला असतात आणि दिवसभर खुशीत राहिला असतात. तुमची फार आठवण आली, बाबा.

मग सगळ्याच फोटोंवरची कुलपं काढली. ऑफिसात कळलं तर हसतील. एक फोटो मात्र मी साइटवर चढवलेलाच नाही. स्टुडिओतल्या आरशासमोर एक नवरी मुंडावळ्या नीट करतेय, आणि तिच्यामागे, आरशात, कॅमेऱ्याआडून डोकावणारे तुम्ही. असा फोटो आहे हे तिच्या घरच्यांना ठाऊकही नसेल. त्यांचा हक्क आहे, कळतं मला. पण माझ्याकडे तुमचा तेवढाच फोटो आहे, आणि तो मला कुणाशी वाटून घ्यायचा नाहीये.