खुणेपुढची पानं

माय, तुझ्या वेळी आपल्या घरात न वाचलेलं पुस्तक एका वेळी एकच असायचं. आज माझ्याकडे किती आहेत ते मी मोजलेलं नाही. लाखनीला घर बांधलं तेव्हा समोरच्या खोलीत बुद्धमूर्तीच्या दोन्ही बाजूंना भिंतीत कप्पे करून घेतले. ते भरले. मग खाली ओट्यावर गठ्ठे लागले, आणि आता त्या गठ्ठ्यांपुढे दुसरे गठ्ठे आहेत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जातो, तिथल्या स्टॉलांवरून पिशवी भरून आणतो, घरी आल्यावर पुस्तकं मूर्तीपुढे ठेवून हात जोडतो आणि उचलून गठ्ठ्यावर ठेवतो. कितीतरी पुस्तकांचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. लोकांना वाटतं मी फार वाचतो. मी त्यांना तसं वाटू दिलं आहे.

तुला अक्षरओळख नव्हती, पण पुस्तकाचा नियम तुझा होता. नागपूरहून दरवर्षी एकच पुस्तक आणायचं, तेही मागचं वाचून झालं असेल तर. मला अजून दिसतं, तू परसाच्या दारात सूप मांडीवर घेऊन बसली आहेस. पत्र्याचं माप ठेवून कात्रीने तेंदूपान कापतेस, त्यावर चिमूटभर तंबाखू पसरतेस, बोटांत वळून सूत गुंडाळतेस. मी समोर पाटावर बसून मोठ्याने वाचतो आहे. तुझे डोळे हातांवर आणि कान माझ्याकडे. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा बांधून होईपर्यंत माझी पाच पानं होतात. हा हिशेब मला ठाऊक नव्हता, तुला होता. उठायची वेळ झाली की तू कापलेलं एक तेंदूपान माझ्या हातात द्यायचीस, आणि मी ते खूण म्हणून पुस्तकात ठेवायचो.

सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. विहारामागच्या पटांगणात पोरं कबड्डी खेळत होती आणि त्यांचा आवाज घरापर्यंत येत होता. मी दोन पानं वाचायचो आणि चार उलटायचो. वाक्यं जुळत नव्हती, तरी तू खाली पाहून बिड्या वळत राहिलीस. मी खूण ठेवून उठलो तेव्हा तू पुस्तक मागून घेतलंस, ते आडवं धरून बाजूने पाहिलंस.

"तेंदूचा पत्ता त लय पुढं गेला," तू म्हणालीस. "माहे कट्टे काहून दोनच झाले?"

मी म्हणालो, "आज तू हळू वळून राहिली होती."

"मी हळू? बरं." तू हसलीस. मग सूप बाजूला ठेवलंस. "अक्षर दिसत नाही मले, जाडी त दिसते ना. मांगं जा. जेथून उडी मारली तेथून वाच."

मी परत वाचलं. पटांगणातली पोरं घरी गेली, तरी तू उठू दिलं नाहीस. शेवटी विहारात वाचन संपलं की करतो तसे हात जोडून तू तीनदा साधू म्हणालीस. मला मारलं असतंस तर मी विसरलो असतो.

आता यंदाचं सांगतो. आमचा विहारातल्या लोकांचा मोबाइलवर एक गट आहे. दर रविवारी त्यात सगळे सांगतात, सध्या काय वाचून राहिलो. मीही फोटो टाकतो. नवं पुस्तक, शेजारी चष्मा, कधी चहाचा कप. पुस्तकाची दोन्ही बाजूंची कव्हरं टाकतो आणि खाली दोन ओळी लिहितो. लोक अंगठे पाठवतात. या वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. एका दिवशी वाचन संपल्यावर एक म्हातारी अंगणवाडीसेविका माझ्याजवळ येऊन बसली. तिला मी मावशी म्हणतो. डोळ्यांवर काळा चष्मा होता.

"भाऊ, मोतीबिंदूचं आपरेशन झालं माहं. वाचाले मनाई आहे. तुमी रविवारी फोटो टाकला होता ना, त्या पुस्तकात काय आहे, सांगा जरासं."

मी सांगायला लागलो. चांगलं बोललो बहुतेक, कारण आजूबाजूच्या दोनचार बायाही ऐकू लागल्या. मावशी शेवटपर्यंत मान हलवत होती. मग म्हणाली, "हे त मांगच्या कव्हरावर लिवलं आहे. नातीनं फोटो मोठा करून वाचून दाखोलं मले. आतमधलं सांगा."

बाया हसल्या. एक म्हणाली, "काहून छळता भाऊले, मावशी? आतमधलं सांगतलं त पुस्तक कोण घेईल?" मीही हसलो आणि म्हणालो, वाचून होत आलं आहे, झालं की आणून देतो. मूर्तीसमोर बसून मी हे म्हणालो, माय. पुस्तक प्लास्टिकात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेणबत्ती लावून पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं बोलण्यापासून दूर राहीन या शीलाला, माझा आवाज बसला. बायकोने आतून विचारलं, सर्दी झाली काय.

सर्दी नव्हती. त्या चौथ्या शीलापाशी मी बावीस वर्षांपासून अडखळतो आहे, आणि ते तुझ्यामुळे.

तुझा शेवटचा वर्षावास. खोकल्याने तुला खाटेवर आणलं होतं आणि बिड्या बंद झाल्या होत्या. मी साकोलीला नोकरीवर होतो, शनिवारी यायचो आणि रविवारी तुला वाचून दाखवायचो. दसऱ्याच्या आधीचा तो रविवार. संध्याकाळची शेवटची एसटी होती आणि पुस्तकाची बरीच पानं बाकी होती. तू डोळे मिटून पडली होतीस, हात पांघरुणावर होते. सूप नव्हतं, कट्टे नव्हते, मोजणारं काही उरलं नव्हतं, असं मला वाटलं. मी एक जाड गठ्ठा पानं उलटली, शेवटचा परिच्छेद सावकाश वाचला आणि पुस्तक मिटलं.

"झालं माय."

"झालं?"

"हो, झालं."

तू डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंस. मग हात जोडलेस, आणि साधू तीनदा म्हणालीस. तिसऱ्यांदा खोकला आला म्हणून ते अर्धंच राहिलं. "मंग यंदा नवीन आणजो," म्हणालीस. "जाय आता, गाडी चुकन तुही."

गाडी मिळाली. दसऱ्याला नवीन पुस्तकही आणलं. ते उघडायच्या आधी, हलकं, लवकर पिकणारं धान कापायच्या दिवसांत, तू गेलीस. तुझी खाट काढताना उशीखाली जुनं पुस्तक सापडलं. त्यात तेंदूपान होतं. शेवटच्या पानापाशी नव्हतं. मी जिथून उडी मारली होती, नेमकं तिथे होतं.

म्हणजे तुला कळलं होतं. डोळे मिटलेले असतानाही पानांचा आवाज तू ऐकला असशील. मी गेल्यावर तू पुस्तक हातात घेऊन जाडीवरून ती जागा शोधलीस आणि खूण घातलीस. मांगं जा म्हणाली नाहीस. माझी गाडी चुकू नये म्हणून तू आपला नियम मोडलास, आणि जे झालं नव्हतं त्याला साधू म्हणालीस. ती पानं मी अजून वाचलेली नाहीत. ते पुस्तक सगळ्यांत खालच्या गठ्ठ्यात, सगळ्यांत खाली आहे. त्याच्यावर मी दरवर्षी नवीन आणून ठेवतो.

परवा मी रविवारी फोटो टाकलेल्या त्या पुस्तकाचं प्लास्टिक फाडलं आणि मावशीच्या घरी गेलो. नात शाळेत गेली होती. म्हणालो, "मावशी, मी हे वाचलं नाही. एक पानही नाही."

"मालूम आहे मले," ती म्हणाली. "बसा. आणलंच आहे त वाचा थोडंसं."

मी वाचलं. ती तांदूळ निवडत होती. काळ्या चष्म्याने तिला खडे दिसत होते की नाही कोण जाणे, पण बोटं चालत होती. वीसेक पानं झाली. एकही पान गाळलं नाही. घरी येताना बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याचीच मला वाटेत लाज वाटली. तिच्याशी बोललेलं खोटं लहान होतं, म्हणून तिच्यापुढे कबूल करता आलं.

हे पत्र तुझ्या तेंदूपानाजवळ ठेवायचं असं लिहायला बसतानाच ठरवलं होतं. पण त्यासाठी सगळे गठ्ठे उतरवावे लागतील, ते पुस्तक उघडावं लागेल, आणि उघडलं की पुढचं वाचावं लागेल. यंदाही दसऱ्याला मी तीन पुस्तकं आणली, माय. तूर्त हे पत्र त्यांच्यावर ठेवतो.