बेचाळीस यंत्रं आणि माझा व्हरांडा

२ फेब्रुवारी, सोमवार

कॉन्व्हेंटमधल्या दुपारच्या विश्रांतीची आज दिवसभर आठवण येते आहे. सिस्टर पहारा देऊन गेल्या की बर्निस माझ्या खाटेवर यायची. दोघींत एकच पुस्तक. डावं पान ती धरायची, उजवं मी. ती भराभर वाचायची आणि मग माझ्यासाठी थांबायची. अंगठा पानाच्या कोपऱ्यावर, उलटायला तयार! "झालं का गं, डोरा?" "थांब ना, तीन ओळी राहिल्यात." ती थांबायची. एकदाही तिने माझं व्हायच्या आधी पान उलटलं नाही.

आज तीच बर्निस आमच्या पॅरिश शाळेत उभी राहिली. लंडनमध्ये चौतीस वर्षं काढून आलेली. कंबर अजून सरळ, चष्मा सोनेरी. सोबत दोन खोकी. सहावीच्या बेचाळीस मुलांना बेचाळीस ई-रीडर. पाटीएवढी काळी यंत्रं, आणि म्हणे एकेकात शंभरावर पुस्तकं. रोज एक प्रकरण घरी वाचायचं, चार्जिंग दर शुक्रवारी शाळेतल्या सौर पेटीवर.

"आता एका पुस्तकासाठी कुणाच्या दारात जायला नको," असं ती मुलांना म्हणाली.

ते दार माझं.

हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

३ फेब्रुवारी, मंगळवार

समुद्र बंद, नावा वाळूवर. पाच वाजता व्हरांड्यातली बाकं पुसली. कुणीही आलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आजही नाही. एकतीस वर्षं पाच वाजता हा व्हरांडा भरत आलाय. शाळेच्या कपाटात एका पुस्तकाच्या जास्तीत जास्त अकरा प्रती. म्हणून गृहपाठाचं वाचन इथे — चार डोकी एका पुस्तकावर, आळीपाळीने मोठ्याने. शाळेतून निवृत्त झाले तरी ते कधी थांबलं नाही.

एकुवा रस्त्याने चालली होती. वर्गातली सगळ्यात चांगली वाचणारी पोर. हाक मारली.

"काय गं, रस्ता विसरलीस?"

"नाही आंटी डोरा. आई म्हणते, वाचन घरात आलंय तर घरीच बस."

"मग, आवडलं यंत्र?"

"खूप! अक्षरं मोठी करता येतात. तुम्हाला पण दिसेल, आंटी."

मला दिसेल म्हणे. हसले, तिला भाजलेली केळी दिली. ती गेल्यावर उरलेली कोंबड्यांना घातली.

८ फेब्रुवारी, रविवार

चर्चमधली मिस्सा संपल्यावर मुलं बर्निसभोवती. तिची टोपी निळी, पिसाची. माझी टोपी तिनेच दहा वर्षांपूर्वी पाठवलेली. आज घरी आल्यावर ती कपाटावर टाकून दिली.

ती आली होती माझ्याकडे, हात धरून म्हणाली, "तू किती बारीक झालीस गं." मी म्हटलं, "इथे सगळेच होतात."

असं बोलायची काय गरज होती?

१८ फेब्रुवारी, बुधवार

राखेचा बुधवार. फादर विचारत होते, उपासकाळात काय सोडणार. मी म्हटलं मासे. मासे सोडणं सोपं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज नीट लिहायला हवं.

बर्निस दुपारी आली. घामेजलेली, हातात वही. मी केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, आणि तळलेला मासा तिच्यापुढे ठेवला. (मी नुसती मिरचीची चटणी.) तिने खाल्लं नाही.

"डोरा, मुलं वाचतच नाहीत गं."

यंत्राला म्हणे आठवतं, कुठल्या दिवशी उघडलं, किती पानं झाली. आज चार्जिंगला आली तेव्हा तिने एकेक तपासलं. बेचाळीसपैकी चाळीसांत एकच चित्र: आठवड्यातून एकदाच उघडलेलं. तीन तारीख, दहा तारीख, सतरा तारीख.

"रोज एक प्रकरण सांगितलं होतं मी. ही आठवड्यातून एकदा हात लावतात! आळस म्हणायचा की काय? का आयांनी ती भाड्याने दिली?"

मी तारखा पाहिल्या. तीन, दहा, सतरा. सगळे मंगळवार.

बर्निस कुमासीची, समुद्रापासून दूरची, तिला हे कळायचं कारण नाही. मला मात्र त्याच क्षणी कळलं. इथली कुठलीही बाई मोलाची वस्तू उघड्यावर ठेवत नाही. ती जाते पेटीत, चांगल्या कापडांच्या खाली, आणि किल्ली आईच्या कमरेला. आई पहाटे किनाऱ्यावर, मग धुराच्या भट्टीवर, मग बाजारात. परतते तेव्हा मुलं झोपलेली. फक्त मंगळवारी, किनाऱ्याच्या रिवाजाने, नावा निघत नाहीत, मासे नाहीत, आई घरी. पेटी उघडते.

एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, "मुलंच ती. खा तू, गार होतंय."

२१ फेब्रुवारी, शनिवार

मी खोटं बोलले नाही. तिने मला कारण विचारलंच नव्हतं.

विचारलं होतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

हेडमास्तर भेटले. येत्या शुक्रवारी चार्जिंगला आली की यंत्रं मुलांना परत देणारच नाहीत, तिकडे वरच्या एका शाळेने मागितली आहेत. "आपल्या पोरांना किंमत नाही, मॅडम," म्हणाले. मी मान हलवली. घरी येताना पाय इतके हलके होते की माझीच मला लाज वाटली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

यंत्रं जमा झाली. एकुवा फाटकाबाहेर उभी होती, आत आली नाही.

संध्याकाळी बर्निस. बाकावर बसली आणि म्हणाली, "माझंच चुकलं. वस्तू आणली, माणसं माहीत नाहीत. वरच्या शाळेला देण्याऐवजी यंत्रं तुझ्याकडे ठेवू का? इथे व्हरांड्यात. पाच वाजता येतील, वाचतील, ठेवून जातील. मुलं तुझंच नाव घेतात, डोरा. मला हेवा वाटतो तुझा."

तिला! माझा!

हेच तर हवं होतं. बेचाळीस मुलं, माझी बाकं. म्हटलं, गुरुवारपर्यंत सांगते. का म्हटलं तसं?

३ मार्च, मंगळवार

एकुवाच्या घरी गेले. आज व्हरांड्याचं सांगून यावं, पोरीला बरं वाटेल, असं मनाशी म्हणत. बाप जाळं शिवत बसलेला, आजी शेंगा सोलत. मला पाहताच तिची आई फेलिसिया उठली, कमरेची किल्ली सोडली, पेटी उघडली. तिच्या लग्नाची सहा वारांची कापडं बाहेर काढली आणि तळातला एक रुमाल उलगडून दाखवला. रिकामा.

"यात ठेवत होते, आंटी. चार आठवड्यांत एक ओरखडा पडू दिला नाही. तरी का नेलं? एकुवाने पान फाडलं का?"

"त्याला पानं नसतात गं, आई," एकुवा म्हणाली.

"तू गप. आंटी, फाडलं असेल तर मी भरून देते."

मी त्या रुमालाची घडी घातली. मग बाप जाळ्यातून मान वर न करता म्हणाला, "आणि गोष्टीतल्या त्या नावाड्याचं काय झालं पुढे? वारा फिरल्यावर निघाला होता गाढव."

"गाढव नाही, बायकोने पाठवला," आजी म्हणाली.

"बायकोचं ऐकलं म्हणजे गाढवच."

"बघा आंटी," फेलिसिया म्हणाली, "दर मंगळवारी हेच. ही वाचते आणि ही दोघं भांडतात. मला एक अक्षर येत नाही, पण सहा प्रकरणं मला पाठ आहेत."

सहा प्रकरणं. एकतीस वर्षांत या गल्लीतली एकही आई माझ्या व्हरांड्यावर बसली नव्हती. मी कधी बोलावलं नव्हतं.

व्हरांड्याचं काही सांगितलं नाही. परत आले.

४ मार्च, बुधवार

उद्या सकाळी बर्निसकडे. विसरू नये म्हणून —

यंत्रं सगळी घरोघरी परत. मुलांच्या हाती नाही, आयांच्या हातीही नाही. पाच वाजता घरात जो असतो त्याच्या हाती. मला घरं माहीत आहेत.

एकुवाचं — आजीकडे.

क्वेसीचं — शिवणयंत्रावर बसणाऱ्या मावशीकडे.

अॅन्सा जुळ्यांची दोन्ही — लंगड्या काकाकडे, तो कुठे जात नाही.

मार्थाच्या घरी कुणीच नसतं — तिचं शेजारच्या केंकीवालीकडे.

बाकीची सदतीस नावं मागच्या पानावर.

माझ्या व्हरांड्यात — एकही नाही.

बर्निसला — खरं. वीस तारखेपासून मला माहीत होतं. हे चिठ्ठीने नाही, समोर बसून.