सातवी कोरी जागा

लातूर, १४ मे २०१६

प्रिय सौदामिनी,

पाण्याची रेल्वे आली तरी आमच्या गल्लीत टँकर आठ दिवसांनीच येतो, आणि तू फोनवर विचारतेस, चौथी पुरवणी अजून दुकानांत का नाही. गोदावरीच्या काठी नांदेडात बसून घाई करायला तुझं काय जातं! शाई आली नाही, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. पाचशे प्रती छापून, शिवून महिना झाला. खरं कारण फोनवर तोंडातून निघेना, म्हणून लिहायला बसलो. चिडशील, पण शेवटपर्यंत वाच.

आपला ‘नवा जिल्हा’ याच प्रेसमध्ये तयार झाला, आठवतं? तू तेव्हा लातूरलाच होतीस. उदगीर जिल्हा होणार, अशी बातमी कुठल्याशा पेपरात परत आली होती आणि तू म्हणालीस, आपणच एक जिल्हा करून टाकू, सरकारच्या आधी होईल. त्यातून हा पुस्तकावरून बसून खेळायचा खेळ निघाला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तलाठी, सरपंच, टँकरवाला व्हायचं, अडलं की फासा टाकायचा, आणि दुष्काळात नवा जिल्हा चालवून दाखवायचा. आमचे अण्णा म्हणाले, लग्नपत्रिका छापणाऱ्यानं लग्नपत्रिका छापाव्यात. पण तुझ्या नकाशात चौदा जागा कोऱ्या होत्या आणि खाली एक ओळ होती, ‘या जागा खेळणाऱ्यांच्या.’ त्या ओळीवरच खेळ चालला, असं मला आजही वाटतं. तीन वर्षांत लोकांनी त्या जागांवर कुठकुठली गावं वसवली, ते आपल्याला कधी कळलंही नाही.

मग पुस्तकाला जोडून पुरवण्या निघाल्या, पहिली विहिरींची, दुसरी आठवडी बाजाराची. तिसरीपासून आपलं बिनसलं. तुझं म्हणणं, दर तीन महिन्यांनी नवं काही आलं नाही तर लोक विसरतात. माझं म्हणणं, पुरवणी ताटातल्या चटणीसारखी असावी, हवी त्यानं घ्यावी, तिच्यापायी कुणाची भाकरी उचलू नये. आधी सुट्या पानांवर दोन-तीन ठिकाणी खेळून बघू, मग छापू, असं मी किती वेळा म्हणालो. तिसऱ्या पुरवणीनं पहिल्या पुस्तकातले पाण्याचे नियम बाद केले, तेव्हा औशाची पोरं पुस्तकं परत ठेवून गेली. हे तुला सांगितलं नव्हतं. आणि चौथीत तू चौदाच्या चौदा जागा भरून टाकल्यास. वाचणारे विचारतात तिथं काय आहे, मग उत्तर नको का द्यायला, असं तुझं. मी वाचलं, ‘छान’ म्हणालो आणि छापलं. तेव्हा दोष तुझा एकटीचा नाही.

पहिली प्रत मी स्वतः किल्लारीला घेऊन गेलो. तिथला खेळणाऱ्यांचा अड्डा सगळ्यांत जुना. बालवाडीच्या शांतम्मा बाई, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर शरणप्पा आणि शेजारचे दोघं, दर रविवारी दुपारी बाईंच्या घरी बसतात. मला वाटलं, खूश होतील. त्यांचं गाव सातव्या जागेवर आहे एवढंच मला ठाऊक होतं. त्या दिवशी शरणप्पांनी कौतुकानं त्यांची वही दाखवली. सौदामिनी, ते जुनं किल्लारी आहे, भूकंपात गेलेलं. गल्लीन् गल्ली. बाईंच्या आईचं, दानम्माचं घर, गिरणी, पारावरचा लिंब. आणि आपल्या पुस्तकात नसलेला त्यांचा एक नियम: या गावात मरणाचा फासा टाकायचा नाही. बाई तीन वर्षं तलाठी होऊन खेळतात. त्या तलाठ्याचं नाव जगदेवी. जगदेवी त्यांची मुलगी. भूकंपात गेली तेव्हा सहा वर्षांची होती. वहीत ती शिकली, परीक्षा पास झाली, आता गावोगाव टँकर पोचवते.

सातव्या जागेवर तू लिहिलं आहेस, ‘उठलेलं गाव. वस्ती नाही.’

बाईंनी बोट ठेवून वाचलं. मी घाईघाईनं म्हणालो, बाई, खेळ आहे हा, मनावर घेऊ नका. पण भूकंपानंतर त्या लोकांचं सगळं याद्यांवर ठरलं गं. यादीत नाव छापून आलं त्याला घर, नाही आलं तो हेलपाटे घालत बसला. छापलेल्याशी वाद घालायचा नसतो, हे ती माणसं तेव्हाच शिकली. आणि तो कागद घेऊन गेलो मी. बाई एवढंच म्हणाल्या, “छापून आलंय म्हणजे तसंच असंल. मग जगदेवी कुठं गेली म्हणायची?” वही मिटली आणि मला चहा केला. तेव्हापासून तीन रविवार तिथं फासा पडलेला नाही.

परवा कटिंग मशीनवर सगळ्या प्रतींतलं ते पान मी कापून काढलं आणि एक कोरं पान चिकटवलं. त्यावर एकच ओळ: ‘तुमच्या बैठकीत जे घडलं तेच खरं.’ खाली आपली दोघांची नावं. तुला विचारलं नाही. काल प्रती एसटीच्या पार्सलनं दुकानांकडे गेल्या. तुला पुढची पुरवणी दुसरीकडे छापायची असेल तर छाप, मी तोंड वर करून बोलणार नाही. पण हे पत्र त्याची माफी मागायला नाही. ते नवं पान घेऊन मी काल किल्लारीला गेलो होतो. बाईंनी ते वाचलं, घडी घालून वहीत ठेवलं आणि म्हणाल्या, “तुम्ही छापणारे. लिहिणाऱ्या बाईंनी म्हणलं तर खरं.” म्हणून पुढच्या रविवारी, २२ तारखेला ये. सकाळच्या गाडीनं लातूरला उतर, पुढं मी नेतो. कागद काही आणू नकोस. त्यांच्यासमोर बसून तुझ्या तोंडानं सांग, की गाव आहे. शेवटच्या डावात जगदेवीचा टँकर वेशीपर्यंत आलेला आहे, आणि तू सांगेपर्यंत बाई तो आत घेणार नाहीत.

तुझाच,
शिवमूर्ती