नदीकडची भिंत

बाई, तुमची तटबंदीची लढाई आपल्या पुलगावच्या शाळेत अजून होते. पावसाळा सरून नदी उतरली की सातवीचा वर्ग घेऊन मी वाळूत जाते. नियम तुमचेच. अर्धा वर्ग वाळूचं गाव बांधतो, मधोमध निशाण रोवतो. उरलेला अर्धा चाल करून येतो. गुडघ्याइतकी भिंत कोणी ओलांडायची नाही, आणि हल्लेखोरांची सेनापती स्वतः बाई. तोफा डागून, शिड्या लावून नदीकाठची गावं कशी घेत, हे पुस्तकातल्या चार ओळींतून आम्हाला कुठलं कळायला?

तुम्ही मला किल्लेदार केलंत तो दिवस. पोरं कुरकुरताहेत, माझे पाय जमिनीवर नाहीत. जमिनीकडच्या तिन्ही बाजूंना मी चांगली मांडीएवढी भिंत घालते आणि नदीकडे नुसती रेघ ओढते, तिकडे पाणी आहेच की. तुम्ही पदर खोचता, घोट्याएवढ्या पाण्यातून सरळ चालत येता आणि निशाण उपटता. उन्हाळ्यात याच नदीतून पायी पलीकडे जाणारी मी, आणि मलाच सुचू नये! "काऊन वो किल्लेदार, नदी काय बारा महिने भरून राह्यते? फौज पाणी उतरल्यावरच येते." मला रडू फुटलं. "रडून गाव वापस येत नाई. पुढच्या साली येजो अन् राखून दाखवजो," म्हणालात. पुढच्या साली तुम्हीच या जगात नव्हता. ते गाव राखायचं माझ्याकडून राहून गेलं, ते इतकी वर्षं सलत होतं.

काल किल्लेदार होती यंदाच सेलूहून आलेली एक बुटकी, फटकळ पोरगी. तिनं पहिली भिंत घातली ती नदीकडे, आणि सगळ्यांत उंच. मी वरच्या अंगानं गेले, खालच्या अंगानं गेले, दोनदा पाण्यात आपटले. शाळा सुटायची वेळ झाली तरी निशाण जागेवरच. "तुम्ही इकडूनच येसान, मले मालूम होतं," ती म्हणाली. मला तिचा इतका अभिमान वाटला, बाई, की ओल्या साडीचंही भान राहिलं नाही.

आज शाळेत सगळे मला म्हणत होते, "पोरीचं मन राखायला तुम्ही मुद्दाम हरलात." मी नुसती हसले. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते: मी जीव तोडून लढले. तिनंच मला आत येऊ दिलं नाही.