तुमच्या तुरीत आलेल्या विमानाबाबत

मु. दिंद्रुड शिवार
(तुमच्या ओट्यापासून बत्तीस पावलं)

ती. सोमेश्वरदादांस,

धाकट्या शहादेवचा बांधाच्या अलीकडूनच साष्टांग नमस्कार. इकडं सगळे बरे आहेत. तुमची तब्येत विचारायची गरज नाही, कारण पहाटे तुम्ही खोकता ते मला अंथरुणात ऐकू येतं. (अडुळशाचा काढा घ्या. मी सांगितला म्हणून सोडू नका.) वहिनींची खुशाली आमच्या योगिताला रोज कळते, कारण बायका शहाण्या आहेत, त्यांनी बोलणं बंद केलेलं नाही. हे पत्रही योगिताच आणून देईल. तिला चहा विचारावा.

पत्र लिहायचं कारण असं की, काल सकाळी तुमच्या तुरीत एक तांबडं, सहा फुटी पंखांचं विमान घुसलं ते माझं आहे. हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही विहिरीच्या मोटरीपाशी उभं राहून सगळं बघितलंत. तरी वहिनींना तुम्ही मोठ्यानं सांगितलंत, 'कुणाचं तरी ड्रोन पडलंय, मालक आला तर देऊन टाकू.' मालक येऊ शकत नाही, दादा. सोसायटीच्या निवडणुकीत तुम्ही एका मतानं पडलात, शहादेवनं दगा दिला असं भर चौकात म्हणालात, आणि मीही तावातावानं 'तुमच्या रानात पाय टाकला तर बापाचं नाव लावणार न्हाई' असं बोलून बसलो. त्याला पावणेदोन वर्षं झाली. शब्द तो शब्द.

आता मुळापासून सांगतो. माजलगावच्या एका भंगारवाल्याकडं ह्या विमानाचा सांगाडा मिळाला. कुठल्याशा कॉलेजच्या पोरांनी बनवून टाकून दिलेला, पंख शाबूत, रिमोट चालू, फक्त इंजिन गायब. मी तीस वर्षं फवारणीच्या पंपाची इंजिनं उघडतोय, म्हटलं आपल्याला काय अवघड आहे? गवत कापायच्या मशीनचं पेट्रोलचं इंजिन काढलं. (मशीन तुमचंच. दुरुस्तीला टाकलंत आणि अबोला धरलात, मग मी ते परत कुणाला देणार?) नाकाला जाड प्लायवूड लावून चार बोल्टांवर बसवलं. लई झकास दिसलं. मग विमान पंखाखाली दोन बोटांवर उचलून बघायचं असतं, ते सरळ राहिलं तर ठीक. आमच्यानं नाक खाली घातलं ते वरच करीना. शेपटीला योगिताच्या तराजूचं अर्ध्या किलोचं माप बांधलं, तरी तेच. शेवटी माप सोडलं, बॅटरी शेपटीकडं नेली, इंजिन तीन बोटं मागं घेतलं, तेव्हा कुठं जमलं. ह्यात आठ दिवस गेले. गिऱ्हाइकं पंप घेऊन येत होती आणि मी दोन बोटांवर विमान धरून उभा. लोक नमस्कार करून निघून जायचे.

पुढं इंजिन हादरायचं. पाच मिनिटं चाललं की नटबोल्ट ढिले. त्याला उपाय म्हणजे बोल्टच्या आट्यांना नेलपॉलिश लावायची, ती वाळली की नट हलत नाही. मी दिंद्रुडच्या बाजारातून एक बाटली आणली. (लाल. रंगाचा इथं संबंध नव्हता, पण दुकानदारीण विचारतच होती.) त्यावर योगिता म्हणाली, 'बावीस वर्षं झाली लग्नाला, मला कधी टिकलीचं पाकीट आणलं न्हाई, अन् इंजिनाला नेलपॉलिश! कावून?' बाटली तिला देऊन टाकली. आता तिची नखं लाल आहेत आणि इंजिनाचे दोन बोल्ट.

आता खरी गोष्ट. इंजिन सुरू करताना दुसऱ्या माणसानं मागून शेपूट धरायची असते, असं मोबाईलवरच्या सगळ्या व्हिडिओत बजावून सांगतात. पंखा फिरला की विमान थांबत नाही. पण दुसरा माणूस आणायचा कुठून? गावात माणसं आहेत हो, पण ज्याच्यावर भरवसा टाकावा असा माणूस ऐनवेळी शोधून सापडत नाही. म्हणून मी विचार केला, ज्या खुंट्याला आपली चार क्विंटलची म्हैस गुमान उभी राहते, तिथून पाच किलोचं विमान कुठं जाणार आहे? शेपटीला दावं लावलं, खुंट्याला बांधलं आणि पंख्याला हात घातला. आदल्या दिवशी तिथंच म्हैस धुतली होती आणि सगळा चिखल झाला होता, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

पहिल्यांदा पंख्यानं अंगठ्याला प्रसाद दिला. दुसऱ्यांदा नुसता धूर. तिसऱ्यांदा इंजिन जे सुरू झालं ते असं, की कोंबड्या छपरावर. खुंटा उखडला. रिमोट मी गोठ्याच्या भिंतीवर ठेवलेला, विमान पुढं, त्यामागं दावं, त्यामागं खुंटा, आणि सगळ्यात मागं मी! बांधावर चाक आपटलं आणि दादा, ते उडालं! हातभर उडालं, खोटं सांगत नाही, तुम्हीही बघितलंत. मग खुंटा तुरीत अडकला आणि आवाज बंद पडला. मी बांधावर एक पाय वर उचलून तसाच थांबलो. तुम्ही तिकडून माझ्याकडं बघितलंत. तुम्ही तोंड उघडलंत तेव्हा म्हटलं आता बोलतात. तुम्ही जांभई दिलीत.

तरी विनंती एवढीच, की विमान, दावं आणि खुंटा बांधावर आणून ठेवावा. तुमच्या तुरीच्या दोन ओळी मोडल्या त्याबद्दल माफी असावी. वहिनींना नमस्कार.

आपला
शहादेव

ता. क. मी तुम्हाला दगा दिला नाही. शिक्का तुमच्याच चिन्हावर मारायला गेलो, हात घसरला, आणि तो तुमच्या अन् जिंकलेल्या धोंडीरामच्या मधल्या रेघेवर पडला. जे एक मत बाद निघालं ते माझं. नाहीतर चिठ्ठी टाकावी लागली असती, कोण जाणे. बारीक स्क्रू बसवणाऱ्या माणसाला एक शिक्का नीट मारता येईना, हे चौकात सांगायची लाज वाटली. त्यापेक्षा दगाबाज म्हणवून घेणं सोपं वाटलं. ते सोपं नव्हतं.

आणखी ता. क. विमान बांधावर ठेवू नको. तुझं खळं सपाट आहे, तिथंच नेऊन ठेव. मला करमत न्हाई दादा. उद्या सकाळी मी पेट्रोल घेऊन येतो, बापाचं नाव गेलं तर गेलं. तू फक्त मागं बसून शेपूट धर. मी म्हणेपर्यंत सोडू नको.