नव्या खोक्यातलं जुनं मशीन

३ मार्च
वॉशिंग मशीन आलं! वसुधा नुसत्या खोक्यावरूनच हात फिरवत होती. "एवढा खर्च कशाला हो?" – पण चेहरा फुललेला. कपडे पिळताना तिची मनगटं हल्ली ठणकतात. पस्तीस वर्षांच्या संसारात तिच्यासाठी नवी कोरी मोठी वस्तू मी कधी आणली नव्हती.

आजही आणलेली नाही. नवं आहे ते खोकं! मशीन जुनं – जोगेश्वरीच्या नंदकिशोरच्या दुकानातलं. तो बिचारा बिल करायला बसला होता. "साहेब, 'जुनं मशीन' लिहितो, तीन महिने वॉरंटी." मीच म्हटलं, बिल नको. पैसेही रोख दिले. वसुधा घरातली प्रत्येक पावती फायलीला लावते ना!

आणि मी ग्राहक न्यायालयात एकतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. धन्य आहे.

९ मार्च
झकास चालतंय. वसुधाने समोरच्या गंधालीला बोलावून दाखवलं. "अगदी नवं कोरं गं!" मी पेपरात तोंड खुपसलं.

१४ मार्च
वाट लागली. मशीनमधून पाणीच जात नाही.

१५ मार्च
जागतिक ग्राहक दिन. सकाळी सोसायटीत माझं भाषण – वस्तू जुनी घेतली म्हणून तुमचा हक्क जुना होत नाही, दोष लपवला तर व्यापारी जबाबदार, पावती घ्या! टाळ्या. अख्ख्या पार्ल्यात एवढा निर्लज्ज वक्ता झाला नसेल. वसुधा पहिल्या रांगेत.

दुपारी जोगेश्वरी. नंदकिशोर म्हणाला, "फुकट करून देतो ना साहेब. फक्त बिल दाखवा." आता कुठला कायदा सांगू? दोष त्याने कुठे लपवला होता?

१६ मार्च
कोपऱ्यावरचा सुयोग मेकॅनिक आला. खालची जाळी उघडली – आतून बाळाचा गुलाबी मोजा! आमच्या घरातलं शेवटचं बाळ म्हणजे आमची लेक निधी. ती आता तिशीची. "काकू, मशीन कुठून घेतलं?" "यांनी आणलंय," वसुधा एवढंच म्हणाली. मोजा धुतला, चिमटा लावून दोरीवर वाळत घातला. मी म्हटलं, कंपनीत कुणाचा तरी राहिला असेल! "असेल."

भीती वाटतेय. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

१७ मार्च
वसुधा दुपारी बाहेर गेली. जोगेश्वरीला, असं जाताना सांगून गेली. खोक्यावर नंदकिशोरच्या दुकानाची चिठ्ठी राहिली होती वाटतं!

१८ मार्च
टेबलावर कागद. तिचं अक्षर, मांडणी आमच्या कोर्टाची. तक्रारदार – वसुधा. पुढे नंदकिशोरचं नाव शोधलं. नाही. सामनेवाला – श्यामकांत, म्हणजे मी. एकटाच!

तक्रार: "जुनं मला चाललं असतं. सांगितलं असतंत, तर निवडायला मीही आले असते."

बाजू मांडायला मुदत – चहा होईपर्यंत. आत कप मांडल्याचा आवाज येतोय.